चौथ्या पानावरचा 'द'

दिग्रसहून यवतमाळला जाणारी एसटी आर्णीच्या अलीकडच्या गतिरोधकावर अशी उडाली की मागच्या सीटखालून काहीतरी घरंगळत आलं आणि माझ्या चपलेला लागून थांबलं. बोटभर लांबीची काचेची नळी होती ती, तोंडाला कापसाचा बोळा लावलेली. मी ती उचलली, खिडकीच्या उजेडात धरली… आणि आतून कुणीतरी माझ्याकडे वळून पाहिलं.

खरंच वळून. तुरीच्या दाण्याएवढा एक कोळी होता. तपकिरी, केसाळ, समोर दोन मोठे काळेभोर डोळे आणि त्यांच्या वर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ. मी नळी डावीकडे नेली, तो डावीकडे वळला. उजवीकडे नेली, तर उजवीकडे. सव्वीस वर्षं मी घरातले कोळी केरसुणीनं झटकत आले होते. त्यांच्यातला कुणी आपल्याकडे पाहत असेल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

"बोळा निघाला तर नाई ना?" मागून आवाज आला.

मी वळले. उभा राहून वाकलेला एक उंच तरुण. सावळा चेहरा, खांद्याला शबनम, आणि डोळ्यांत एखाद्याचं लहान लेकरू हरवावं तशी काळजी.

"नाही निघाला," मी म्हटलं. "पण हा माझ्याकडे बघतोय."

"बघतोय नाई, बघतेय. मादी हाये ते." तो हसला. "आवडल्या तुमी तिले. नाईतर पाठ करून बसते."

आता कोळ्याच्या मादीला आपण आवडलो, यावर माणसानं काय म्हणावं? मी नळी परत दिली. शेजारची म्हातारी आर्णीला उतरली, तेव्हा तो विचारून तिच्या जागेवर बसला. नाव अमरसिंग राठोड. आर्णीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होता, तासिका तत्त्वावर. तांडा तिथून आठ किलोमीटरवर. नळीतली मादी तो यवतमाळच्या एका शाळेत मुलांना दाखवायला नेत होता.

मी मात्र माझं काम काढून बसले. मैत्रिणीच्या साखरपुड्याला निघाले होते, पण एक शोधनिबंध संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. मी घरी बसून शास्त्रज्ञांचं इंग्रजी तपासते. ब्राझीलचे, तुर्कस्तानचे, कोरियाचे लोक लिहितात, पुण्याची एक कंपनी ते मला पाठवते, आणि दिग्रसच्या आमच्या मागच्या खोलीत बसून मी त्यांचे 'अ' आणि 'द' जागच्या जागी लावते. छापलेल्या कागदावर लाल पेन चालवायची माझी जुनी सवय आहे.

"ते 'द' काहून खोडलं?"

तो माझ्या कागदात बघत होता. मला राग यायला हवा होता. पण प्रश्न इतका खरा होता की…

"वाचणाऱ्याला अजून माहीतच नाही ना, कोणती नदी ते. पहिल्यांदा आली, म्हणून 'अ रिव्हर'. पुढच्या ओळीपासून 'द रिव्हर'."

"म्हंजे ओळख झाल्यावर 'द'."

"तसंच काहीसं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, दोघांनाही कळत असेल की नेमकी कोणती, तरच 'द'. नाहीतर 'अ'."

खिडकीबाहेर कापसाची वावरं मागे पळत होती.

"मग लिवणाऱ्याले समोरच्याच्या मनात जाऊन पाहा लागते," तो हळूच म्हणाला. "येवढ्याशा शब्दासाठी?"

चार वर्षं मी हे काम करत होते. हजारो 'द' लावले असतील, हजारो खोडले असतील. हा शब्द लावताना आपण दर वेळी एका अनोळखी माणसाच्या मनात डोकावतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मलाही सुचलं नव्हतं.

मग त्यानं शबनममधून घडी घातलेला एक कागद काढला. त्याच्या वावरात कोळ्याची एक नवीन जात सापडली होती. नळीतलीच्या जातकुळीतली, पण कपाळावर मोरपंखी रेघ असलेली, जगात कुठेच नोंद नसलेली. त्यानं तिच्यावर निबंध लिहिला, परदेशातल्या एका नियतकालिकाला पाठवला, आणि संपादकांनी तो परत केला होता. चित्रं उत्तम, मोजमापं उत्तम, पण इंग्रजी सुधारून आणावं. विशेषतः आर्टिकल्स.

"मी 'द' अंदाजानंच टाकतो," तो म्हणाला. "आमच्या घरी बंजाऱ्यायची गोर बोली, शाळेत मराठी. दोन्हीत हे भानगड नाई. तुमी पाहून द्याल काय?"

यवतमाळ आलं. उतरताना मी त्याला माझा नंबर दिला. साखरपुड्यात मैत्रीण दोनदा म्हणाली, गौरी, लक्ष कुठंय तुझं.

*

निबंध अकरा पानांचा होता. मी तो तपासायला घेतला, आणि अट घातली — रोज सकाळी इंग्रजीत तीन वाक्यं लिहून पाठवायची. 'अ' आणि 'द' दोन्ही हवेत.

सहाच्या सुमारास फोन वाजायचा. तो कॉलेजला निघण्याआधी वावरात जायचा, तिथूनच पाठवायचा.

'अ सन इज कमिंग अप बिहाइंड द तूर.'

'सूर्य एकच असतो,' मी लिहिलं. 'द सन.'

'कालचा वेगळा होता. काल लाल होता, आज पिवळा.'

'तरीही द सन.'

'बरं मॅडम.'

दुसऱ्या दिवशी लिहायचा, 'आय सॉ अ बर्ड. द बर्ड सॉ मी.' ते अगदी बरोबर असायचं, आणि मी उगाचच चहा थंड होईपर्यंत ते वाचत बसायचे. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "सकाळी सकाळी कोणता शास्त्रज्ञ गं हा?" मी म्हणायची, "आर्णीचा."

एका सकाळी आलं — 'आय ॲम वेटिंग फॉर द मेसेज.'

'कोणता मेसेज?' मी विचारलं. 'आधी उल्लेख नाही. इथे अ मेसेज हवं.'

मग — 'तुमाले माहीत हाये कोणता. मलेही माहीत हाये. मंग द काहून नाई?'

नियमानं तो बरोबर होता. मी फोन उशाखाली ठेवला, पुन्हा काढला, आणि शेवटी फक्त एवढंच लिहिलं, 'वाक्य बरोबर आहे.'

आठ दिवसांत मी निबंध पूर्ण केला. आजवर एवढं मन लावून कुणाचं काम केलं नव्हतं. त्यानं तो पाठवला, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात संपादकांचं उत्तर आलं. अमरसिंगनं ते मला तसंच पुढे पाठवलं, सोबत एक शब्दही न लिहिता.

इंग्रजी आता चांगलं आहे, संपादकांनी लिहिलं होतं. पण तपासनिसाला एक शंका आहे. दुसऱ्या पानावर लेखक म्हणतात, कापसाच्या पानावर एक मादी मिळाली. चौथ्या पानावर म्हणतात, एका मादीनं डबीत अंडी घातली. ही दुसरी मादी कोणती? ती कुठे जपून ठेवली आहे? तिची मोजमापं का नाहीत? आणि दुसरी मादी नसेलच, तर लेखकांनी एकीच्या दोन कशा केल्या? एका महिन्यात खुलासा करावा. शक्य तर आणखी नमुने, आणि नर मिळाल्यास तोही. नाहीतर निबंध स्वीकारता येणार नाही.

मी माझी फाइल उघडली. चौथं पान. त्यानं लिहिलं होतं 'द फीमेल'. मी तो 'द' लाल करून खोडला होता, वर 'अ' लिहिला होता. नवा भाग सुरू होतोय, चार-पाच तरी माद्या असतीलच, त्यांतली एखादी… असं मला वाटलं होतं. वाटलं होतं. विचारलं नव्हतं.

मी फोन लावला.

"ती एकच होती?"

"हो," अमरसिंग म्हणाला. "गेल्या वर्षी सापडली. डबीत अडीच महिने राह्यली, अंडी घातली, मेली. मंग जपून ठेवली."

"तुम्ही लिहिलेला 'द' बरोबर होता."

"हो ना." आवाजात थोडं नवल होतं. "माया जिंदगीतला पह्यला बरोबर 'द'."

"मग मी बदलला तेव्हा बोलला का नाहीत?"

"मले वाटलं, तुमाले माहीत."

यावर मला रडू आलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं संपादकांना उत्तरही पाठवून दिलं होतं — चूक माझी आहे, मादी एकच आहे, बाकीचे नमुने शोधतो. माझं नाव कुठेच नव्हतं.

"शोधायला मी येते," मी म्हटलं.

"इथं? वावरात?"

"तुमच्या वावरात किती कोळी आहेत हे मला माहीत नाही, आणि मी 'अ' आणि 'द' लावत बसले. येते मी."

*

रविवारी आर्णीच्या स्टँडवर तो मोटरसायकल घेऊन उभा होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. वावरात कोळी शोधायला इस्त्रीचा शर्ट… माझी नजर शर्टावर गेली, ते त्याला कळलं असावं. कान लाल झाले त्याचे.

तांड्याच्या मागेच त्यांचं वावर. कापसाच्या सात-आठ ओळी, मग तुरीची एक, पुन्हा कापूस. बोंडं फुटून सगळीकडे पांढरं झालं होतं. त्याची आई, सोनीबाई, कमरेला कापडाची ओटी बांधून कापूस वेचत होती. मला पाहून तिनं हात थांबवला नाही.

"आव, बेस," ती म्हणाली. मग मराठीत, "हेच का ते इंग्रजीवाली?"

"हो याडी," अमरसिंग म्हणाला.

"हिनंच एकीच्या दोन केल्या?"

मी मान खाली घातली. सोनीबाई हसायला लागली. "मंग कर ना अजून. आमाले कापसाच्या एका गोणीच्या दोन करून दे."

आम्ही शोधायला लागलो. पान उलटून पाहायचं, देठाशी पाहायचं, बोंडाच्या आत पाहायचं. सावली पडू द्यायची नाही. तीन तासांत मला मावा दिसला, लाल ढेकण्या दिसल्या, मुंग्या, पिवळं फुलपाखरू, जाळी विणणारे तीन तऱ्हेचे कोळी… मोरपंखी रेघेचा एकही नाही. अमरसिंग प्रत्येकाचं नाव सांगायचा. हा इथंच राहतो, हा रात्री दुसऱ्या झाडावर जातो, हिची पिल्लं परवा बाहेर पडली. दीड एकराच्या तुकड्यात त्याला इतके जण ओळखीचे होते. मी आजवर 'शेत' एवढाच शब्द लिहिला होता.

दुपारी ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा खाताना सोनीबाई म्हणाली, "कापसात कायले शोधता? तो हात वर करणारा तं तुरीवर राह्यते."

अमरसिंगचा घास हातातच राहिला. "कोणता हात वर करणारा?"

"तोच. निळ्या कपाळाचा. तुरीले फुलं आले का येते. दर सालीच येते."

"याडी, तू मले सांगितलं नाई कधी."

"तू इचारलं कधी?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तो इतका मोकळा हसला की मीही हसत सुटले. त्याचं चौथं पान आणि माझं चौथं पान एकच निघालं होतं.

तुरीच्या तिसऱ्या ओळीत तो दिसला. पिवळ्या फुलांखालच्या पानावर. नर. मादीहून लहान, पण रंग… कपाळावरची रेघ उन्हात अशी चमकत होती की ओली वाटावी. आणि त्याच पानाच्या टोकाला, त्याच्याकडे तोंड करून, मादी.

अमरसिंगनं माझं मनगट धरलं आणि हळूच खाली ओढलं. आम्ही ओळीतल्या मातीत पालथे पडलो. इस्त्रीचा शर्ट गेला.

नरानं पुढचे दोन पाय वर केले. उंच, अगदी सरळ. मग तो डावीकडे सरकला, चार पावलं. थांबला. उजवीकडे चार पावलं. पाय तसेच वर. मग सगळं अंग थरथरवलं, इतकं की तुरीचं पान हललं, वरचं फूल हललं. पुन्हा डावीकडे. दर वेळी किंचित जवळ. मादी हलत नव्हती. नुसती बघत होती, दोन्ही मोठ्या डोळ्यांनी.

"आवडला नाई तं खाऊन टाकते त्याले," अमरसिंग कुजबुजला.

"त्याला माहीत असतं?"

"काय माहीत. पण नाचते तरी."

भात शिजेल एवढा वेळ तो नाचला असेल. माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि हा नाच दर वर्षी तुरीला फुलं आली की इथे होत होता. सोनीबाईशिवाय कुणालाच तो माहीत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, ते मला सांगता आलं नसतं. मी अमरसिंगकडे पाहिलं. तो कोळ्यांकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. आणि माझं मनगट त्यानं अजून सोडलं नव्हतं.

मादीनं पुढचा एक पाय उचलला. नर तिच्यापाशी पोचला.

"आता पकडायचं?" मी विचारलं.

"आता नाई," तो म्हणाला. "होऊ द्या त्यायचं."

मग मादी टुणकन उडी मारून गेली, कुठे ते कळलंच नाही. नर मात्र नळीत आला. आणखी तासाभरानं दुसरा नर मिळाला. मादी काही सापडेना. ऊन उतरायला लागलं, शेवटची एसटी सहाला होती, आणि मी मनात हिशेब करत होते की पुढच्या रविवारी… तेवढ्यात सोनीबाई ओटी रिकामी करायला बसली, आणि पांढऱ्या ढिगातून काहीतरी तपकिरी बाहेर चालत आलं. कपाळावर मोरपंखी रेघ. तिनं ओंजळ पुढे केली.

"घे. आता दोन झाल्या ना खऱ्या?"

*

अंगणातल्या बाजेवर बसून आम्ही चौथं पान पुन्हा लिहिलं. प्रत्येक 'अ' आणि 'द'पाशी मी पेन थांबवायची आणि विचारायची — ही कोणती? आजची की गेल्या वर्षीची? तो सांगायचा, मग मी लिहायची. शेवटचं वाक्य झालं. पेनाला टोपण लावलं. आता निघायला हवं होतं, आणि दोघंही उठत नव्हतो.

"मला इथे परत यायचंय," मी म्हटलं. "कोळी नसले तरी."

तो खाली पाहत राहिला. "गौरी मॅडम… मी तासिकेवरचा मास्तर. तांड्यावरचा."

"माहीत आहे मला."

"तुमच्या घरी…"

"घरी मी सांगेन. तुम्ही तुमचं सांगा."

घरात सोनीबाईची भांडी थांबली. ती ऐकत असणार. मग तो म्हणाला, "बसमंदी तुमी नळी उजेडात धरली होती. लोक फेकून देते. तुमी उजेडात धरली. मी तवाच…" पुढचं ऐकण्याची मला गरज उरली नव्हती.

घरी सांगितलं ते दुसऱ्याच दिवशी, सकाळच्या चहाला. बाबा तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी पेपर खाली ठेवला. आई म्हणाली, "अगं पण आपल्यात…" आणि तिथेच थांबली. बाबांनी फक्त नाव विचारलं, गाव विचारलं, आणि उठून गेले.

त्यानंतर ते माझ्याशी जवळजवळ बोललेच नाहीत. पानावर बसायचे, जेवायचे, उठायचे. डिसेंबर गेला. मी अमरसिंगला रोज सकाळी सांगायची, अजून नाही. तो लिहायचा, थांबू. जानेवारीत निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं. नव्या जातीला त्यानं सोनीबाईचं नाव दिलं होतं. मी तो निबंध छापून बाबांच्या टेबलावर ठेवला. तीन दिवस ते शब्दकोश घेऊन वाचत होते. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाले, "इंग्रजी स्वच्छ आहे," आणि चौथ्या दिवशी सकाळी, कुणाला काहीही न सांगता, पिशवी घेऊन बाहेर पडले.

अकरा वाजता अमरसिंगचा फोन आला. आवाज दबलेला.

"तुमचे बाबा इथं हाये."

"काय?"

"साडेनऊच्या गाडीनं आले. स्टँडवरून इचारत इचारत आले. याडीनं बेस म्हटलं, तं बसले. मंग ती म्हणाली, नुसतं बसून काय करता. आता ते कापूस वेचून राह्यले."

"बाबा?"

"शेवटचा वेचा हाये. दोघं एकाच ओळीत हाये. बोलून राह्यले काहीतरी. मी जवळ गेलतो, तं याडीनं हाकललं मले."

संध्याकाळी बाबा परतले. सदऱ्यावर पांढरे धागे, केसांत तुरीची पानं. आईनं न विचारता तांब्या पुढे केला. पाणी घेताना मी त्यांची बोटं पाहिली. बोंडांच्या टोकांनी सगळी ओरबाडली होती. चाळीस वर्षं त्या बोटांनी फक्त लेखणी धरली होती. आई खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली आणि त्यांच्या बोटांना तेल लावायला लागली.

"बाई हुशार आहेत," बाबा म्हणाले. "मला विचारलं, पोरगी भाकरी करते का. मी म्हटलं, नाही येत. म्हणाल्या, आमच्या पोराले येते." मग थोड्या वेळानं, आईकडे बघत, "रजनी, पुढच्या रविवारी आपण तिघं जाऊ."

आई तेल लावता लावता थांबली. तिनं बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं जायचं? काहीतरी करून न्यावं लागेल."

मी फोन घेऊन गच्चीवर गेले. पहिल्या रिंगलाच त्यानं उचलला.

"ऐक," मी म्हटलं. आजवर मी त्याला 'ऐका' म्हणत आले होते.

पलीकडून, अगदी हळू, "बोल गौरी."